बार, योग आणि मी न उचललेला हात

माझी हाडं ठिसूळ झाली आहेत हे ओळखीपाळखीत पसरल्यापासून मला एकाच प्रश्नाचे फोन येतात. "सर, आम्ही काय सुरू करू? योग करू, की तुम्ही करता ते बार?" आजवर प्रत्येकाला मी अर्धं उत्तर दिलं. पूर्ण उत्तर द्यायचं तर एका बाईंबद्दल मी जे खोटं बोललो, तेही सांगावं लागलं असतं. आता ते जिथे सांगायचं तिथे सांगून झालं आहे. म्हणून उरलेलं अर्धं उत्तर इथे लिहितो.

मी परळच्या एका शाळेत पीटीचा शिक्षक होतो. राहणं लालबागला. आधी चाळीत, आता चाळीच्याच जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत. तरुणपणी आमच्या गोविंदा पथकात मी खालच्या थराला असायचो. माझ्या खांद्यावर गोपीनाथ, म्हणजे गोप्या. तो आजही माझ्याच मजल्यावर राहतो. पथकाचे अण्णा सांगायचे, "थर चढले की खालच्याने तोंड उघडायचं नाही. खालचा कण्हला की वरचा घाबरतो आणि वरचा घाबरला की सगळेच खाली येतात." हे वाक्य मी आयुष्यभर जपलं. शाळेत रडणाऱ्या मुलांना ऐकवलं. दम्याच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या, त्याही शाळेत कोणाला कळू न देता.

लेंगा लांब झाला

पलंगाखालून गणपतीच्या मखराचा खोका ओढला तेव्हा पाठीत कळ गेली. बाम लावला, शेक घेतला, गप्प राहिलो. काही आठवड्यांनी सुलभा, माझी बायको, माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "तुमचो लेंगो जमिनीक कसो लागता?"

"धुऊन सैल झाला असेल."

"कापड धुतल्यावर आटता. लांब नाय होणा." ती मालवणची. घरात रागावली किंवा काळजीत असली की मालवणीत बोलते.

लेंगा तेवढाच होता. मी बुटका झालो होतो.

डॉक्टरांनी एक्स-रे प्रकाशात धरला, मग हाडांच्या घनतेची तपासणी करवून घेतली. म्हणाले, पाठीचा एक मणका दबला आहे.

"मी पडलो नाही हो," मी म्हणालो.

"पडावं लागत नाही. हाडं पोकळ झाली की वाकणंही पुरतं. दम्याच्या गोळ्यांचाही यात हात आहे."

"पण हा तर बायकांचा आजार ना?"

"हाडांना ते माहीत नसतं," डॉक्टर म्हणाले.

त्या दिवशी मला मरणाची भीती वाटली नाही. भीती वाटली ती हे कोणाला कळेल याची. डॉक्टरांनी तीन गोष्टी बजावल्या होत्या. पाठ गोल करून पुढे वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, आणि दुखणं शमल्यावर व्यायाम सुरू करायचा, पण जो कोणी शिकवेल त्याला हे रिपोर्ट आधी दाखवायचे. पहिल्या दोन मी मान्य केल्या. तिसरी ऐकलीच नाही असं धरून चाललो.

निवड

दुखणं कमी झाल्यावर आमच्या मुलीने, मंजिरीने, विषय काढला. तिचं ऑफिस लोअर परळला. ऑफिसच्या आधी ती एका जुन्या गिरणीच्या आवारात बारच्या वर्गाला जाते.

"भिंतीला लाकडी दांडा असतो पप्पा, कमरेएवढ्या उंचीवर. तो धरून पायांचे, कमरेचे व्यायाम. बॅले नाचणाऱ्या मुली सराव करतात ना, त्यातूनच निघालंय."

"म्हणजे या वयात मी दांडा धरून नाचू?"

"नाचायचं नाही. थरथरायचं. एकदा येऊन तर बघा. फक्त तुमचे रिपोर्ट आधी द्यावे लागतील, आमची टीचर त्याशिवाय घेत नाही."

गोप्याला कळलं तेव्हा तो जिन्यातच ओरडला, "सर बारमध्ये जाणार? वहिनी, ऐकलंत का?"

त्याच सुमारास आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी योगाचा वर्ग सुरू झाला होता. लिफ्टने खाली उतरलं की वर्ग. शिकवणं मराठीत. सोबतीला गोप्या. शिवाय शाळेत मी पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून सूर्यनमस्कार घालून घेतलेले. योग आपला, बार परका, असं मी सगळ्यांना सांगितलं आणि स्वतःलाही पटवलं. पण खरं कारण वेगळं होतं. बारच्या वर्गात मी रोगी म्हणून शिरलो असतो. हॉलमध्ये मी 'सर' होतो.

नवशिक्याने निवड करताना स्वतःला हा एक प्रश्न जरूर विचारावा. मी ही जागा निवडतोय, ती इथे मला बरं वाटेल म्हणून, की इथे माझं काही उघडं पडणार नाही म्हणून?

वंदनाताईंचा प्रश्न

वर्ग घेणाऱ्या वंदनाताई लोअर परळच्या चाळीत वाढलेल्या. नवऱ्याची नोकरी गेल्यावर रीतसर शिकून त्यांनी योगाचे वर्ग घ्यायला सुरुवात केली होती. आवाज खणखणीत. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, "कोणाला पाठीचा, गुडघ्याचा, बीपीचा, हाडांचा काही त्रास आहे? हात वर करा. लाजू नका."

बायकांचे हात वर गेले. गोप्यानेही हात वर केला. "मला बायकोचा त्रास आहे."

हसणं थांबल्यावर वंदनाताईंनी माझ्याकडे बघितलं. "सर, तुम्हाला?"

"मला काय होणार? ठणठणीत आहे."

हात माझ्या मांडीला चिकटूनच राहिला. निघताना सुलभाने रिपोर्टची पिशवी हातात दिली होती, ती मी चपलांच्या कपाटावर ठेवून आलो होतो.

काही दिवस छान गेले. श्वास मोकळा झाला, झोप लागू लागली. योगाने मला तेव्हाही फायदाच दिला, हे इथे नोंदवलं पाहिजे. मग एके सकाळी पाय पसरून बसून पुढे वाकायचं आसन आलं. वंदनाताई म्हणाल्या, "हात गुडघ्यापर्यंत आले तरी पुरे. ओढाताण नको." शेजारी गोप्याचे हात थेट अंगठ्यांना पोचले.

"काय मास्तर? पीटी शिकवायचात ना?" तो पुटपुटला.

मी अंगठे धरले. पाठीत पापड मोडावा तसं काहीतरी मोडलं.

मी ओरडलो नाही. सगळे उठले, मी तसाच बसून राहिलो. वंदनाताईंच्या लक्षात आलं. गोप्या आणि आणखी एकजण मला बगलेतून धरून उभं करायला धावले, तेव्हा त्या कडाडल्या, "हात लावू नका कोणी! सरळ झोपवायचं. कसं ते मी सांगते." सतरंजीवर आडवं करून त्यांनी अ‍ॅम्ब्युलन्स मागवली आणि सुलभेबरोबर त्याही हॉस्पिटलपर्यंत आल्या.

दुसरा मणका दबला होता.

वॉर्ड

हॉस्पिटलची सकाळ फार लवकर सुरू होते. अजून उजाडलेलं नसताना अंग पुसायला येतात. मग मला दोघी नर्स मिळून लाकडाचा ओंडका वळवावा तसं एकसंध कुशीवर वळवायच्या, कारण पाठ पिळवटून चालणार नव्हती. मग चहा, मग डॉक्टरांची फेरी, मग गोळ्या, आणि पुढे संपता संपेना अशी दुपार. पडल्या पडल्या छताचे पंखे बघायचे. लघवीचं भांडं मागताना मला पहिले दोन दिवस आवाजच फुटेना. मुलांना मैदानावर शिट्टी मारून पळवणारा मी, 'मावशी' अशी हाक मारायला लाजत होतो.

वॉर्डातल्या एका मावशींनी माझ्या गुडघ्यांखाली टॉवेलची गुंडाळी सरकवली. पाठीवरचा ताण एकदम हलका झाला. "बाबा, कण्हा की जरा," त्या म्हणाल्या. "दात काय आवळताय? इथे सगळेच कण्हतात." मी कण्हलो. खरंच बरं वाटलं. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ म्हणाले, "आता झोप लागेल आम्हाला. तुमच्या शांततेची भीती वाटत होती."

मंजिरी ऑफिस करून धावत यायची. एकदा माझ्या पायथ्याशी बसल्या बसल्या ती रडली आणि मग चिडली. "दुखायला लागल्यावर तरी सांगायचंत ना पप्पा?" वर्गात मी आजार लपवला होता, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. ती वंदनाताईंवरही चिडलेली होती. मी तिचा राग तिकडे जाऊ दिला.

एक शब्द

सोसायटीचे सेक्रेटरी परब आणि समितीतले दोघे मला बघायला आले. सुलभा मोसंबं सोलत होती.

"सर, एक विचारायचं होतं," परब म्हणाले. "तुमच्या मणक्याचं तुम्ही त्या बाईंना आधी सांगितलं होतं ना? त्या म्हणतात, सांगितलं नव्हतं."

परबांच्या चेहऱ्यावर तयार उत्तर होतं. मला फक्त मान हलवायची होती. मी खालच्या थरातला माणूस, पीटीचा मास्तर, भर वर्गात विचारल्यावर लाजून दुखणं लपवलं, हे त्या तिघांसमोर कसं सांगू?

"हो," मी म्हणालो. "सांगितलं होतं."

सुलभेची बोटं सालीवर थांबली.

ते गेल्यावर ती म्हणाली, "खोटां कित्याक बोललात?"

"जाऊ दे गं."

"त्या बाईन तुमका कोणाक उचलूक दिल्यान नाय, म्हणान आज तुमचे पाय हलतत." मोसंबं तिने मला भरवलं, पण त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याशी औषधापलीकडे काही बोलली नाही.

वर्ग बंद झाला. समितीतल्या दोघांना वंदनाताईंचं आडनाव पहिल्यापासूनच खुपत होतं, हे मला माहीत होतं. हॉल कोणाला द्यायचा यावर झालेली कुजबुज मी लिफ्टमध्ये ऐकली होती. त्यांना कारण हवं होतं, ते मी पुरवलं. माझ्या आजारातला हा भाग एकाही एक्स-रेत दिसत नाही.

दांडा

हॉस्पिटलने पाठीला बांधलेला पट्टा सुटला, फिजिओथेरपी झाली, आणि मंजिरी मला बारच्या वर्गाला घेऊन गेली. या वेळी रिपोर्ट तिच्या पर्समध्ये होते. तिथे तळव्याला रबराचे ठिपके असलेले मोजे लागतात. मला वाकायची बंदी, म्हणून ते सुलभा घरूनच चढवून द्यायची, पुटपुटत. "म्हाताऱ्याक नाचूक पाठवतय."

आत भिंतभर आरसा, मंजिरीच्या वयाच्या मुली, दोन-तीन मध्यमवयीन बायका, आणि मी. शिकवणारी रिया हिंदीत बोलायची. रिपोर्ट वाचून म्हणाली, "अंकल, आगे झुकना आपके लिए बंद. ट्विस्ट भी बंद. जब सब झुकेंगे, आप सीधे खड़े रहेंगे."

सगळे वाकलेले असताना एकट्याने ताठ उभं राहायचं! पहिल्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग ध्यानात आलं की माझ्याकडे कोणीच बघत नव्हतं. सगळ्या आपापल्या थरथरणाऱ्या मांड्यांशी झगडत होत्या.

बारबद्दल सांगायचं तर, हालचाली अगदी लहान असतात. दांडा धरायचा, टाचा उचलायच्या, गुडघे जरासे मुडपायचे आणि तिथेच थांबून राहायचं. मला हसू आलं होतं, याला व्यायाम म्हणतात? थोड्या वेळाने मांड्या अशा कापू लागल्या की दांडा सोडवेना. शेजारची बाई म्हणाली, "अंकल, शेक हो रहा है ना? मतलब काम कर रहा है." काही महिन्यांनी मी भिंतीचा आधार न घेता एका पायावर उभं राहून पँट घातली. घरात कोणी बघितलं नाही. मीच सुलभेला हाक मारून पुन्हा करून दाखवलं. ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, "आता त्या बाईकडे जावक होया तुमका."

मी विषय बदलला.

गोप्याचा रिपोर्ट

मग एक दिवस गोप्या खाली कंपाउंडमधल्या बाकावर माझ्याशेजारी येऊन बसला. बराच वेळ त्याने एकही टोमणा मारला नाही, तेव्हाच मला शंका आली.

"माझी पण हाडं ठिसूळ सांगितलीत रे," तो म्हणाला. "काय करू? तुझं ते बार आपल्याला झेपायचं नाही, मुलींमध्ये. आणि योगाचं नाव नको. त्या बाईने तुझी वाट लावली, सांगूनसुद्धा."

आता गप्प राहिलो तर गोप्या माझ्या खोट्यावर विसंबून आपल्या पाठीचा निर्णय घेणार होता.

"गोप्या, मी तिला सांगितलं नव्हतं."

"काय?"

"तिने विचारलं, तू शेजारीच होतास. बायकोचा त्रास म्हणालास तेव्हा. मी ठणठणीत म्हणालो."

त्याने आठवून बघितलं. त्याचा चेहरा हळूहळू बदलला. "आणि परबांना?"

"परबांना सांगितलं म्हटलं. काय करू, सवय. अण्णा म्हणायचे ना, खालच्याने तोंड उघडायचं नाही."

"अर्धंच काय सांगतोस?" गोप्या चिडला. मला 'मास्तर' म्हणायचंही विसरला. "थर चढल्यावर नाही उघडायचं. चढायच्या आधी अण्णा एकेकाच्या समोर उभे राहून विचारायचे, कोणाचं काय दुखतंय, आत्ता बोला. एकदा तुझा घोटा सुजला होता, तूच सांगितलंस आणि बाजूला झालास. आठवतंय? मी तुझ्या खांद्यावर कशाच्या भरवशावर चढायचो रे? तुझं दुखत असेल तर तू आधी सांगशील, याच्या."

मला तो घोटा आठवला. इतकी वर्षं मी मुलांना अण्णांचं अर्धंच वाक्य शिकवत आलो होतो.

माटुंगा

वंदनाताई आता माटुंग्याला घरोघरी जाऊन शिकवत होत्या. फोन करून मी तिथल्या एका बागेत भेटायला गेलो. सुलभा सोबत होती. पट्टा सुटल्यापासून बारचा वर्ग सोडला तर मी जिथे दूर जाईन तिथे ती येतेच.

मी माफी मागितली. आजार, सवय, लाज असं काहीबाही सांगू लागलो. त्यांनी मधेच थांबवलं.

"सर, मी तुम्हाला विचारलं होतं की नाही?"

"विचारलं होतं."

"एवढंच मला समितीसमोर हवं होतं. माफीचं नंतर बघू." मग त्या म्हणाल्या, "त्या हॉलमधून निघताना मला कोणी एक शब्द बोललं नाही. पण मी विचारायला चुकले का, हे मीच स्वतःला रोज विचारत होते. ते तुम्ही माझ्या डोक्यात घातलंत."

सुलभेने पिशवीतून घावनांचा डबा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला. मला एवढाच दिलासा मिळाला आणि तेवढाच मिळायला हवा होता.

सोसायटीच्या सभेत मी उभा राहिलो. दुखणं आणि खोटं, दोन्ही सांगितलं. परब म्हणाले, "सर, आता कशाला उकरून काढता? झालं ते झालं." मागून गोप्या ओरडला, "झालं ते बाईंचं झालं. हॉल परत द्या." समितीतले ते दोघे नाक मुरडून उठून गेले. बाकीच्यांनी हात वर केले. समितीने वंदनाताईंना परत बोलावलं. त्यांनी फक्त शनिवार दिला. बाकीचे वार माटुंग्याच्या लोकांचे, असं स्पष्ट कळवलं. त्यांनी नको म्हटलं असतं तरी तो त्यांचा हक्क होता.

तर, काय निवडावं

मी डॉक्टर नाही. माझ्या पाठीपुरतं सांगतो. बारने मला पायांत ताकद आणि तोल दिला. घाबरलेल्या नवशिक्याला हातात धरायला काहीतरी असणं फार मोलाचं असतं. पण तिथेही माझ्यासारख्याला वर्ज्य असे प्रकार आहेत, गाणी मोठ्याने लावतात, आणि पहिला महिना ओशाळवाणा जातो. योगाने श्वास आणि झोप दिली. तिथे घाई नसते, पण आपण ती स्वतःबरोबर घेऊन जाऊ शकतो. शेजाऱ्याच्या अंगठ्यांकडे बघू नये. दोन्हीकडे शिकवणारा आपल्याला आधी काही विचारतो का, हे बघा. विचारलं नाही तर परत फिरा. विचारलं तर खरं सांगा. माझ्या पाठीचं नुकसान योगाने केलं नाही. मंगळवारी मी दांडा धरतो, शनिवारी हॉलमध्ये जातो.

पहिल्या शनिवारी वंदनाताईंनी माझ्यासाठी आणि गोप्यासाठी भिंतीलगत दोन खुर्च्या मांडल्या होत्या. माझ्याकडे त्यांनी मुद्दाम बघितलं नाही. सगळ्यांना उभं केलं आणि पूर्वीच्याच खणखणीत आवाजात विचारलं, "कोणाला पाठीचा, गुडघ्याचा, बीपीचा, हाडांचा काही त्रास आहे?"

गोप्याने या वेळी विनोद केला नाही. तो माझ्या हाताकडे बघत होता.

खांद्याच्या वर हात न्यायला मला आता जरा वेळ लागतो. वंदनाताई तेवढा वेळ थांबल्या.

"बोला, सर."

"दोन मणके दबलेत," मी म्हणालो. "पुढे वाकायचं नाही."

मग शेजारी गोप्याचाही हात वर गेला.